जागा धरलीय

साखर कारखान्याचा हंगाम सुरू झाल्याचा भोंगा वाजला की आमच्या भागात प्रत्येकाला काही ना काही आठवतं. कुणाला तोडणीची पाळी आठवते, कुणाला मागच्या साली ओढ्यात गेलेली ट्रॉली. मला बॅग आठवते. हात आपोआप छातीकडं जातो, पट्टा आहे का ते चाचपतो. तो नसतोच. गेल्या सोमवारी बावड्याहून निघालो होतो, उसाच्या बैलगाड्यांमागून मोटरसायकल हळूहळू काढत होतो, आणि भोंगा झाला. मी एक हात सोडून छाती चाचपली.

मागं बसलेली वंदना, म्हणजे आमचं कुटुंब, दचकून म्हणाली, "काय ओ, दुखतंय का छातीत?"

"नाही गं. बॅग."

"अजून?" ती म्हणाली, आणि मग इंदापूर येईपर्यंत हसत राहिली. तिचं हसणं माझ्या पाठीला कळत होतं.

हवेत मळीचा आंबूस गोड वास भरतो, रस्त्यावर चिपाडं पडतात, उसाच्या हिरव्या शेंड्यांचे, वाढ्यांचे भारे डोक्यावर घेऊन बाया ओळीनं चाललेल्या दिसतात. हे सगळं मी जन्मापासून बघत आलोय. पण आता त्या वासाबरोबर मला एक करडं आभाळ दिसतं, ज्यातून कधी पाऊस पडत नाही. पिवळ्या इमारती दिसतात, त्यांना काळपट लाकडाचे बंदिस्त सज्जे. आणि वळणावर दिसेनाशी होणारी एक छोटी बस.

आमच्या घरात लग्न, बारसं, जावळ असं काही असलं आणि जेवणं उरकून माणसं सतरंजीवर कलंडली की कुणीतरी म्हणतंच, "सर, ते बॅगेचं सांगा." मी सांगतो. उभा राहून, हातवारे करून. हा किस्सा मी इतका घासून गुळगुळीत केलाय की त्यातली माझी भीती दोन मिनिटांत संपते आणि लोक हसून पान खायला मोकळे होतात. खरी भीती तासभर होती. आणि तिच्यातला एक तुकडा मी अजून कुठल्याच सतरंजीवर सांगितलेला नाही.

मी भूगोलाचा मास्तर. पंचवीस वर्षं मुलांना दक्षिण अमेरिकेचा नकाशा काढायला शिकवतोय. अँडीज पर्वत तपकिरी, ॲमेझॉनचं खोरं हिरवं, लिमा शहराला एक टिंब. त्या टिंबाशेजारून थंड सागरी प्रवाह जातो म्हणून तिथं पाऊस पडत नाही, हे मी इतक्या ठसक्यात सांगायचो की पोरांना वाटायचं सर तिकडं जाऊन आलेत. सर प्रत्यक्षात हैदराबादच्या पलीकडं गेले नव्हते, आणि हैदराबादलाही शाळेची सहल घेऊन.

मग त्या वर्षी दिवाळीत आमची तेजू, आमची एकुलती एक, पुण्यातली नोकरी सोडून घरी आली आणि म्हणाली, "तीन महिने दक्षिण अमेरिका फिरणार आहे. एकटी. पाठीवर बॅग टाकून." वंदनाच्या हातात चकलीचा सोऱ्या होता. तो तसाच दाबला जाऊन कढईत चकलीऐवजी एक लांबलचक काठी पडली.

 पाचव्या दिवशी वंदनानं अट घातली. "पहिलं आठ दिवस पप्पा संगं येतील. त्यांनी सगळं बघून व्हय म्हटलं तर जा पुढं. त्यांना बरं वाटलं न्हाय तर दोघंबी माघारी." तेजूनं माझ्याकडं पाहिलं. "चालेल," ती म्हणाली. "पप्पांचा शब्द शेवटचा." आमच्या घरात माझा शब्द शेवटचा असण्याची ही पहिलीच वेळ, आणि ती नेमकी अशा ठिकाणी आली.

निघताना आमच्या वडिलांच्या, आबांच्या पाया पडलो. आबांचं वय ऐंशीच्या पुढं. पेरू देशाला चाललोय म्हटल्यावर आमच्या पेरूच्या बागांच्या गावात जे विनोद व्हायचे ते सगळे होऊन गेले होते, पण आबांना ते नको होते. त्यांनी एकच विचारलं, "व्हय रं, तितं यष्टी हाय का?"

"असेल की, आबा. तसली काहीतरी बस असेलच."

"मग नगं भिऊ. यष्टी असली म्हंजी माणसं असत्यात."

मी तरीही भ्यालो. लिमाच्या, म्हणजे पेरूच्या राजधानीच्या विमानतळावर उतरल्यापासून भ्यालो. दरवाज्यापाशी टॅक्सीवाल्यांनी घेरलं तेव्हा भ्यालो, आणि त्यांनी सोडून दिलं तेव्हा, आता आपल्याला कुणीच नाही, म्हणून भ्यालो. तेजूनं उतरायला जे ठिकाण शोधलं होतं तिथं एका खोलीत आठ जण, दोन मजली पलंग, बाप्ये आणि बाया एकत्र. माझ्या वरच्या पलंगावर एक दाढीवाला पोरगा होता, त्याच्या दंडावर कवटी गोंदवलेली. मी रोज सकाळी उठून आधी लेक आहे का बघायचो आणि मग किडन्यांची जागा चाचपायचो. व्हॉट्सॲपवर गावाकडून कुणीतरी तसला व्हिडिओ पाठवला होता.

गंमत म्हणजे इंदापूर-बारामती रस्त्यावर हंगामात विना रिफ्लेक्टरच्या ट्रॉल्या अंधारात उभ्या असतात, आणि त्या रस्त्यानं मी तीस वर्षं एका दिव्याच्या मोटरसायकलवर जातोय. त्याची मला एक दिवस भीती वाटली नाही. पण लिमाच्या चौकात एका म्हाताऱ्यानं टोपी काढून मला नमस्कार केला तर मी खिसा दाबून धरला.

तिथल्या एका जुन्या मठाच्या तळघरात हजारो माणसांची हाडं ठेवलीत. विहिरीसारख्या खड्ड्यात, वर्तुळात, कवट्या आणि मांड्यांची हाडं आलटून पालटून रचलेली, आपल्याकडं कडब्याची गंज रचतात तशी निगुतीनं. तेजू म्हणाली, "पप्पा, काय सुंदर रचलंय ना!" मला एवढंच दिसलं की ही सगळी माणसं या शहरात आली आणि परत गेली नाहीत.

आणि या सगळ्यात ती बॅग माझ्याकडं होती. मोठ्या बॅगा मुक्कामाच्या ठिकाणी कुलपात, पण दोघांचे पासपोर्ट, तेजूचं बँकेचं कार्ड, पुढच्या गाड्यांची तिकिटं हे सगळं एका छोट्या निळ्या बॅगेत. "पाठीवर नाही घालायची पप्पा, छातीवर," तेजूनं पहिल्या दिवशीच बजावलं. तीन दिवस मी ती छातीवर घेऊन सातव्या महिन्यातल्या बाईसारखा चाललो. जेवताना घातली, झोपताना घातली. अंघोळीला जाताना तेजूच्या गळ्यात घालायचो आणि बाहेर आलो की पुन्हा माझ्या. मी तिथं लेकीला सांभाळायला आलो होतो की बॅगेला, असं कुणी विचारलं असतं तर मी आधी बॅग चाचपून मग उत्तर दिलं असतं.

आता इथं आमच्याकडची एक विद्या सांगायला पाहिजे.

बारामतीच्या किंवा इंदापूरच्या स्टँडवर गाडी लागली की दारातून आत शिरणारा माणूस अडाणी. जाणता माणूस खिडकीखाली जातो आणि सिटावर वस्तू टाकतो. मग तो निवांत दारातून येतो, शंभर माणसांनंतर, आणि त्याची जागा त्याची वाट बघत असते. याचे नियम आहेत. टोपी चालते, टॉवेल चालतो, वर्तमानपत्र चालतं पण वादाला जागा राहते. चप्पल चालत नाही. एका जागेला रुमाल पुरतो, दोन जागांना पिशवी लागते. माणसं भांडतील, आईबाप काढतील, पण टाकलेल्या वस्तूवर कुणी बसणार नाही आणि ती कुणी पळवणारही नाही.

मी या विद्येत मुरलेला, कारण एकदा मी स्वतःच वस्तू होतो. मोरगावला चतुर्थीची गर्दी, बारामतीच्या स्टँडवर मुंगी शिरायला जागा नाही, आणि आबांच्या खांद्यावर टॉवेल नव्हता. त्यांनी मला उचललं आणि खिडकीतून आत सोडलं. "आडवा पड," म्हणाले. मी सहा वर्षांचा. दोन सिटांवर आडवा पडलो. तेवढ्यात ड्रायव्हरनं गाडी फलाटाला नीट लावायला थोडी पुढं घेतली. मला वाटलं निघाली. आबा खाली, आई खाली, आणि मी एकटा, कुणाला तरी कुठंतरी नेणाऱ्या गाडीत. गाडी दहा पावलं गेली असेल. पण मी जो हंबरडा फोडला तो ऐकून कंडक्टरनं आबांना आधी आत घेतलं.

तर चौथा दिवस. तेजूला शहरामागच्या टेकडीवर जायचं होतं. टेकडीवर मोठा क्रूस आहे, तिथून अख्खं लिमा दिसतं. चढणीवर रंगीत घरांची दाटी, रस्ता अरुंद, म्हणून मोठ्या चौकाजवळून छोट्या बसगाड्या माणसं वर नेतात, फिरवून परत आणतात. पिवळं जाकीट घातलेली एक बाई तिकीट देत होती आणि गाडीचं नाव मोठ्यानं पुकारत होती. अगदी आपल्या वडापवाल्यासारखं, सूरसुद्धा तोच. चार दिवसांत पहिल्यांदा मला जरा घरच्यासारखं वाटलं. घात झाला तो तिथंच.

तेजू कोपऱ्यावर उकडलेलं कणीस आणायला गेली होती, तिथं बोटाएवढ्या दाण्याचं पांढरं कणीस चीजच्या तुकड्यासोबत देतात. गाडी आली. रांग हलली. मागून माणसं रेटली. गाडीच्या खिडक्या सरकवलेल्या, आत दोन सिटांची एक जोडी रिकामी. पुढचं मी केलं असं म्हणणं बरोबर नाही, ते माझ्या हातांनी केलं. पट्टा गळ्यातून निघाला, हात वर गेला, आणि निळी बॅग खिडकीतून सिटावर जाऊन पडली. नेम असा की बरोबर दोन्ही सिटांच्या मध्ये. दोन जागांना पिशवी. रुमाल खिशात होता.

मी समाधानानं दाराकडं निघालो. पिवळ्या जाकिटाच्या बाईनं माझ्यापुढं हात आडवा धरला, बोटांनी आकडा दाखवला, मान हलवली. गाडी भरली, माझी बॅग धरून. तुम्ही पुढच्या गाडीत. दार लागलं.

"ओ ताई! ओ, बॅग! माझी बॅग हाय आत!" मी शुद्ध मराठीत ओरडलो. गाडी निघाली. मी चारपाच पावलं धावलो, मग दहा. या खेपेला गाडी थांबली नाही. कोपऱ्यावर वळली आणि दिसेनाशी झाली.

तेजू दोन कणसं घेऊन आली. माझ्या छातीकडं पाहिलं.

"पप्पा, बॅग कुठाय?"

आणि मी, देवाशपथ, म्हणालो, "जागा धरलीय."

लोक इथंच हसतात. मीही इथंच थांबतो, हसू ओसरू देतो, आणि मग थेट शेवटाकडं जातो. पण तेजू हसली नव्हती. ती ओरडलीही नाही. तिनं कणसं माझ्या हातात दिली, त्या बाईपाशी गेली, मोबाईलवर शिकलेल्या स्पॅनिशमध्ये बोलली. परत येऊन पायरीवर बसली. तिचा चेहरा पांढरा झाला होता. "तासाभरात हीच गाडी इथंच येते म्हणे. ड्रायव्हर चढावर फोन उचलत नाही." मग म्हणाली, "दोन्ही पासपोर्ट त्यातच ना?"

"दोन्ही."

मी तिच्या शेजारी बसलो. हातात दोन गरम कणसं. ती खाली ठेवायचंही सुचलं नाही.  समोर कारंजं उडत होतं, पोरं कबुतरांमागं पळत होती, आणि मला त्या चौकातल्या प्रत्येक माणसाच्या पाठीवर निळी बॅग दिसायला लागली. वर चढणीला गाडी किती ठिकाणी थांबत असेल? किती माणसं उतरत असतील? खिडकी तर उघडीच. मला ती बॅग त्या सिटावर आडवी पडलेली दिसत होती, अनोळखी माणसांत, कुठंतरी निघालेली. सहा वर्षांचा झालो होतो मी पुन्हा.

तेवढ्यात फोन वाजला. वंदना. तिकडं रात्रीची जेवणं झाली असणार, ही तिची रोजची वेळ. व्हिडिओ. न उचलावा तर ती जीवाला घोर लावून घेईल, उचलावा तर माझं तोंड बघून ओळखेल. तेजूनं फोन घेतला.

"काय गं, कुठं हाय तुमी?"

"चौकात, आई. टेकडीवर जायचंय, गाडीची वाट बघतोय."

"पप्पांचं तोंड का असं झालंय? आणि बॅग कुठाय त्यांची? छातीवर दिसना."

तेजूनं एकदा माझ्याकडं पाहिलं. "बॅगेला जागा मिळालीय आई. आम्हीच उभे आहोत."

"बसा की मग तुमीबी," वंदना म्हणाली. "आज कारखान्याचा भोंगा झाला, आबांच्या रानात टोळी आली ऊस तोडायला. ठेवते, बायांला च्या द्यायचाय सकाळी लवकर."

फोन ठेवल्यावर तेजू कारंज्याकडं वळली. मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "पप्पा, पासपोर्ट गेला तर मला तुमच्याबरोबरच परत यावं लागेल. आधी वकिलातीत खेटे, मग घर. तीन महिने संपले."

"येईल गं गाडी."

"तुम्ही मुद्दाम नाही ना केलंत?"

हा तो तुकडा. हा मी सतरंजीवर सांगत नाही.

मी "नाही" म्हणालो. लगेच म्हणालो. पण त्याच्या आधी दहाएक मिनिटं, ती त्या बाईशी बोलत असताना, माझ्या मनात एक गोष्ट येऊन गेली होती. बॅग गेली, म्हणजे पोरगी घरी येईल. मला नाही म्हणावं लागणार नाही, वाईट व्हावं लागणार नाही, आणि पोरगी माझ्या शेजारच्या सिटावर बसून पुण्याला उतरेल. ते मनात आलं तेव्हा मला क्षणभर बरं वाटलं होतं. बॅग गेल्याच्या भीतीत ते बरं वाटणं मिसळलेलं होतं, आणि लेकीनं नेमकं त्यावरच बोट ठेवलं. तेव्हा मात्र मी खरा घाबरलो. पासपोर्ट दुसरा निघतो. तिनं आयुष्यभर असं धरून चालावं की बापानं आपली वाट खिडकीतून फेकून दिली, याला काय उपाय?

"तेजू," मी म्हणालो, "मी मुद्दाम नाही केलं. पण बॅग आली नाही तर मला थोडं बरं वाटेल. हे मी तुला सांगून ठेवतो."

ती वळली. म्हणाली, "खरं बोललात, एवढं पुरे." मग माझ्या हातातलं एक कणीस घेतलं आणि दाणा काढून तोंडात टाकला. "थंड झालं."

त्यानंतरचा अर्धा तास मी देवाकडं एकच मागत होतो. बॅग येऊ दे. मोरगावच्या गणपतीला म्हटलं, तुझ्याच गाडीत शिकलोय हे, आता तूच बघ.

गाडी आली. मी आधी खिडकी पाहिली. त्या दोन सिटांवर एका बाजूला एक म्हातारी बसली होती, डोक्यावर काळी हॅट, दोन वेण्या, अंगावर विणलेली शाल. खिडकीकडच्या सिटावर निळी बॅग. म्हातारीनं बॅगेचा पट्टा मनगटाला दोन वेढे देऊन धरला होता.

माणसं उतरली. म्हातारी सगळ्यांच्या मागून उतरली, बॅग छातीशी घेऊन. माझं उतरलेलं तोंड आणि रिकामी छाती बघून तिनं ओळखलं असावं. थेट माझ्यापुढं आली आणि रागावली. भाषा कळली नाही, पण रागावणं कळलं. आमची आत्या असंच रागावते, आधी आवाज चढवून, मग मान हलवून, शेवटी दुसऱ्याकडं बघून तक्रार करत. तेजू हसू दाबत सांगत होती, "त्या म्हणतायत, वर टेकडीवर दोघांना बसायचं होतं तिथं, पण त्यांनी बसू दिलं नाही. बॅग टाकलेली दिसली, म्हणजे कुणीतरी येणार. कोण कधी येतंय म्हणून पूर्ण फेरी बघत राहिल्या."

मी म्हातारीच्या पाया पडायला वाकलो तर ती घाबरून मागं सरकली. मग तिनं स्वतः ती बॅग माझ्या गळ्यात घातली, छातीवर, आणि पुढचा पट्टा करकचून लावला. इतका करकचून की मला संध्याकाळपर्यंत श्वास घेताना तिची आठवण होत होती.

आबांना हे परत आल्यावर सांगितलं. त्यांनी नवल केलं नाही. "मंग? सांगितलं न्हवतं का," एवढंच म्हणाले आणि विडी शोधायला लागले.

आठव्या दिवशी मी "व्हय" म्हणालो. फोनवर, वंदनाला.  तिच्या मागं कुठंतरी उसाच्या ट्रॅक्टरवरची गाणी लागली होती, ती तेवढी ऐकू आली. भीती जायची वाट न बघता मी व्हय म्हणालो, ते बरं केलं असं मला आता वाटतं. ती जाईल तेव्हा म्हणू म्हटलं असतं तर तेजू अजून इंदापुरात बसली असती.

तिची गाडी दुपारची होती, डोंगरातल्या एका गावाला जाणारी, वीस तासांची. माझं विमान त्याच संध्याकाळी. पासपोर्टाची वाटणी झाली. निळी बॅग आता तिच्या छातीवर. मला सवयीनं पुढं व्हायचं होतं. खिडकीखाली जायचं, तिच्या शेजारच्या सिटावर रुमाल टाकायचा, म्हणजे भलतंसलतं कुणी तिच्याशेजारी बसायला नको. मी खिशातून रुमाल काढलासुद्धा. पण त्या लांबच्या गाडीच्या खिडक्या उघडतच नाहीत. एकसंध काच. रुमाल हातात घेऊन मी काचेखाली उभा.

तेजू आत तिच्या जागेवर जाऊन बसली. तिनं मला पाहिलं, रुमाल पाहिला. मग डोक्यावरची टोपी काढली, शेजारच्या रिकाम्या सिटावर ठेवली, आणि काचेतून बोटानं आधी टोपी दाखवली, मग मला.

मी मान हलवली. कळलं म्हणून.

मग त्या सिटाचा नंबर असलेली एक बाई आली. तेजूनं टोपी उचलून मांडीवर घेतली, बाईला जागा दिली, आणि गाडी निघाली. मी धावलो नाही.